तपकिरी उपरे

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.१५

तळ्याच्या पंपघरावर नोटीस लागली आहे. काठावरची क्रमांक एक, दोन आणि तीन अशी तिन्ही मोठी झाडं तोडणार. कारण: त्यांवर वस्तीला असलेल्या रातबगळ्यांची घाण रस्त्यावर, बाकांवर आणि लाँड्रीच्या दोऱ्यांवर पडते. हरकत असल्यास २६ तारखेच्या सुनावणीत मांडावी.

हरकत आहे. मी हरकत घ्यायलाच जन्माला आलो आहे.

नऊला अर्ज लिहिला, साडेनऊला उद्यान खात्यात दिला. अर्जात स्वतःचा उल्लेख 'रातबगळ्यांचा अभ्यासक' असा केला. खोटं काही नाही. अभ्यास परवापासून सुरू होतो, सुनावणी पंचवीस दिवसांनी आहे. तोवर मी अभ्यासक झालेलो असेन.

ही म्हणाली, अहो, तुम्ही रातबगळा कधी पाहिलाय तरी का. म्हटलं, मी गुलामगिरीही पाहिलेली नाही, तरी तिच्याविरुद्ध दीड तास बोललो होतो. यावर ही स्वयंपाकघरात निघून गेली. मुद्दा पटला असावा.

२ सप्टेंबर, मंगळवार

उद्यान अधिकारी बाईंचा फोन. म्हणाल्या, नुसतं भाषण चालणार नाही, रजिस्टर लागेल. तारीख, वेळ, झाडाचा नंबर, पक्षी किती. 'लिहिलेलं' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. माझ्या वक्तृत्वाची कीर्ती त्या खात्यापर्यंत पोचलेली दिसते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली, पण लोक मला ओळखतात ते गेट मीटिंगमुळे. माझं भाषण सुरू झालं की व्यवस्थापन खिडकीतून निरोप पाठवत असे, मागण्या मान्य आहेत, थांबवा.

संकल्प. रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सहा तळ्यावर पहारा. दुपारची झोप बंद. चहा दोनच कप. शिवाय ग्रंथ: 'रातबगळा, चरित्र आणि चारित्र्य', दोन खंड. अर्पणपत्रिका आजच लिहून झाली. प्रस्तावना निम्मी. पक्ष्यांवरचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. क्रांत्या वाचल्या, राज्यघटना वाचल्या, युद्धं वाचली, पक्षी राहिले. एका अर्थी बरंच झालं. दृष्टी कोरी आहे.

घरात तसा एक निशाचर आहेच. चिरंजीव. वय अठ्ठावीस. बेकरीत रात्रपाळी. रात्री नऊला जातो, पहाटे पाचला सुटतो, सहाला पाव घेऊन घरी येतो आणि पडदे ओढून झोपतो. बेकरी घरापासून वीस मिनिटांवर आहे. उरलेली चाळीस मिनिटं कुठे जातात ते मी विचारत नाही, तो सांगत नाही. त्याला वकील करायचा होता. तोंडवळा माझा नाही, बोलणं माझं नाही. बोलतच नाही. हा आपल्यात आला कुठून, असं मी हिला आजवर दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं त्या रात्री मला वाढून घ्यावं लागलं होतं.

दुपारी झोपलो. (संकल्प उद्यापासून.)

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७

पहिली रात्र यशस्वी.

काल सहाला पंपघराशेजारी घडीची खुर्ची टाकली. पावणेसातला उजेड विझत आला आणि झाड एकमधून आवाज आला, क्वॉक. घसा खाकरून बोलायला उभं राहावं तसा. मग एकेक करून सगळे बाहेर पडले आणि काठाकाठाने उतरले.

एक माझ्यापासून वीस पावलांवर. ठेंगणा, मान खांद्यात घातलेली. डोकं आणि पाठ काळी, पंख राखाडी, पोट पांढरं, डोळा लालभडक. मानेवरून दोन पांढरे लांब तुरे मागे सुटलेले. निवृत्त न्यायाधीश हात मागे बांधून उभा राहावा तसा पाण्याकडे बघत तो चाळीस मिनिटं उभा. हालचाल शून्य. मग एकच झडप, मासा आत, पुन्हा न्यायाधीश. दिवसभर झाडावर विश्रांती, अंधार पडला की काम. पाहताक्षणी आपला माणूस वाटला.

त्यानंतर मी विचारात गढून गेलो. पंपवाल्याने हाक मारली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगावर शाल होती. घरून आणल्याचं आठवत नाही, पण दूरदृष्टीची एकदा सवय झाली की ती लक्षात राहत नाही.

रजिस्टर मांडीवरच. त्यात नोंद: 'पहाटे ५.२५. झाड १: राखाडी २२. झाड २: राखाडी ८, तपकिरी १९. झाड ३: राखाडी ६, तपकिरी २२.' अक्षर किरटं. गारठा. विचारात असतानाही माझा हात काम करतो, हे गेट मीटिंगच्या काळात हिने पाहिलेलं आहे. तेव्हा मी झोपेत घोषणा देत असे.

पण हे तपकिरी कोण?

६ सप्टेंबर, शनिवार

काल संध्याकाळी तपकिरी पाहिला. मन अस्वस्थ आहे.

आकाराने राखाडीएवढाच. अंगभर मळकट ठिपके आणि रेघा. तुरे नाहीत. डोळा लाल नाही, पिवळट. उभं राहण्यात पोच नाही. झाड दोनच्या खालच्या फांदीवर एक वृद्ध राखाडी शांतपणे येऊन बसला, तोच या इसमाने पंख फडफडवत त्याच्यावर धाव घेतली, त्याची चोच आपल्या चोचीत आडवी धरली आणि गदागदा हलवली. बिचाऱ्याने पोटातला मासा ओकून दिला. तो या गुंडाने तिथल्या तिथे गिळला आणि लगेच पुन्हा चोच धरली.

याला शब्द एकच. खंडणी.

पंपवाला दार लावून येतच होता. माझ्याच खात्यातला, मला साहेब म्हणतो. म्हणाला, साहेब, ती तर त्यांचीच. मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, त्यांचीच दादागिरी चालते हे मलाही दिसतंय, पण आधी निरीक्षण, मग मत. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि आत जाऊन पंप सुरू केला. माझ्या भाषणांच्या वेळीही तो पंप सुरू करत असे.

८ सप्टेंबर, सोमवार

शोध लागला.

मोसम पिल्लांचा आहे. झाड दोन आणि तीनवर काटक्यांची घरटी आहेत. पण राखाडी पिल्लू एकही नाही. रजिस्टर चाळलं. पाच पहाटे, एकही नाही. घरट्यांच्या काठावर बसलेत ते हे तपकिरी. चाळीसच्या आसपास.

म्हणजे पिल्लं कुठे गेली? अर्थ स्पष्ट आहे. तपकिरी कुठून तरी आले, घरटी बळकावली, पिल्लं मटकावली आणि आता आईबापांकडूनच हप्ता वसूल करतायत. प्रश्न झाडांचा राहिलेला नाही. प्रश्न अस्मितेचा आहे.

भाषणाची सुरुवात जमली: या तळ्यावर पहिला क्वॉक कुणी केला?

हिला वाचून दाखवली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, आपल्या ह्याचं जावळ आठवतं का, कसं भुऱ्या रंगाचं होतं, तुमची आई म्हणायची हे कुणाचं उचलून आणलंत. चार वर्षांचा झाला तेव्हा काळे झाले केस. म्हटलं, मी इथे एका जमातीच्या विनाशाबद्दल बोलतोय आणि तू जावळ काढतेस. ही म्हणाली, बरं. आणि देठ बाजूला काढत राहिली. हिला विषयाला धरून बोलता येत नाही, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीन रात्री सलग जागलो. (पैकी जागेपणीचे तास मोजलेले नाहीत.) रजिस्टर चोख. एक गोष्ट नमूद करतो: माझं पेन निळं आहे, नोंदी काळ्या शाईत. पेनं दोन नेत असेन.

चहा पाच कप. निशाचर जीवनाला उष्णता लागते.

ग्रंथ: दुसऱ्या खंडाचीही अर्पणपत्रिका झाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

शत्रुपक्षाशी बोलणी. लाँड्रीवाला. त्याच्या दोऱ्या झाड दोन आणि तीनच्या बरोबर खाली. मला तो भाषणकाका म्हणतो, मी दुर्लक्ष करतो. त्याने इस्पितळाच्या चादरी दाखवल्या. एकेक तीन-तीनदा धुवावी लागते. म्हणाला, बायकोच्या हाताची सालं निघालीत, काका. मी पक्ष्यांचा वैरी नाही हो, पण माझ्या दोऱ्या हलवायला दुसरी जागा कुणी देत नाही.

मी त्याला राखाडी आणि तपकिरी यांतला मूलभूत फरक समजावला. पंधरा मिनिटं लागली. तो म्हणाला, काका, वर बसलेला राखाडी असो नाहीतर जांभळा असो, चादरीवर पडतं ते पांढरंच. याला म्हणतात दृष्टीचा अभाव.

पण बोलता बोलता तोडगा सुचला. राखाडींचा मूळ वाडा म्हणजे झाड एक, ते वाचवायचं. तपकिरींचे अड्डे, दोन आणि तीन, ते खुशाल तोडा. लाँड्रीवाला तोंड वासून बघत राहिला. म्हणाला, हे तुम्ही सुनावणीत बोलाल? म्हटलं, गर्जेन. त्याने माझा कोट मागून घेतला. सुनावणीसाठी कडक इस्त्री तोच करणार. विरोधकाला आपल्या बाजूला ओढणं ते हे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज चिरंजीव बोलला. रात्री साडेआठला, तो निघायच्या आधी, मी तळ्यावरून जेवायला आलो असताना. म्हणाला, बाबा, आई सांगत होती तुम्ही दोन आणि तीन तोडायला सांगणार म्हणून. ती तपकिरी.

मी मध्येच थांबवून म्हटलं, मत द्यायचं तर अभ्यास करून ये. त्याने विचारलं, तुम्ही किती वाजेपर्यंत जागे असता? म्हटलं, शास्त्र घड्याळावर चालत नाही. तो हिच्याकडे बघून हसला. ही पण. मग त्याने ताट घासून ठेवलं आणि गेला.

वाद घालायचं धाडसच नाही या पोरात. वकील झाला नाही ते एका परीने बरं झालं, अशील फासावर गेले असते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आजच्या पहाटेच्या नोंदीत नेहमीच्या आकड्यांखाली एक ओळ: 'झाड २, तपकिरी उडायला शिकतायत. फांदीवरून फांदीवर. अजून तीन-चार आठवडे लागतील. तोवर झाडाला धक्का लागू नये.'

तीनदा वाचली. हे उपरे बाहेरून आले म्हणजे उडतच आले असणार. मग शिकतायत कसे? आणि धक्का लागू नये, हे तर माझ्याच भूमिकेच्या विरुद्ध. कोणत्या अर्थाने लिहिलं ते आठवत नाही. बहुधा उपरोध. माझा उपरोध मलाही कधीकधी उशिरा कळतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्दी. तीन रात्री घरी काढल्या. रजिस्टर पंपघराच्या खिडकीत राहिलं होतं. आज जाऊन पाहिलं तर तिन्ही दिवसांच्या नोंदी हजर. पंपवाल्याने माझी पद्धत पाहून भरल्या असणार. अक्षरसुद्धा हुबेहूब माझ्या गारठ्यातल्या अक्षरासारखं काढलंय. शिष्य तयार होतोय. त्याचं नाव प्रस्तावनेत घालणार, तळटीपेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

भाषण तयार. नव्वद मिनिटांचं बावन्नवर आणलं. अधिकारी बाई म्हणतात पाच मिनिटं मिळतील. त्या मला ओळखत नाहीत.

आरशासमोर दोनदा तालीम. दुसऱ्यांदा आतल्या खोलीतून चिरंजीवाने, बाबा, मी झोपलोय, असं सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. रात्री ८

जे घडलं ते क्रमाने लिहितो. शांतपणे.

उद्यान खात्याची मीटिंगची खोली. लांब टेबल, बारा खुर्च्या, एक चालणारा पंखा. अधिकारी बाई, त्यांचा लेखनिक, लाँड्रीवाला, त्याची बायको, पंपवाला, ही. अकराला माझा पुकारा झाला.

मी चाळीस मिनिटं बोललो. बाईंनी तीनदा घड्याळ दाखवलं, मी तीनदा ते वेळेचं प्रतीक म्हणून वापरलं. पहिला क्वॉक कुणी केला, इथपासून सुरुवात केली. मूळचे रहिवासी, त्यांचा संयम, त्यांचे तुरे. मग तपकिरी. परक्या रंगाचे, पोच नसलेले, मानी वृद्धांची चोच पिरगळून त्यांच्या पोटातला घास काढणारे. एकेचाळीस उपरे, आकडा माझ्या रजिस्टरमध्ये आहे. शेवटी टेबलावर मूठ आपटून मागणी केली: झाड दोन आणि तीन आजच्या आज तोडा.

लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. त्याची बायको रडली. अधिकारी बाईंनी विचारलं, म्हणजे तोडायलाच हरकत घेणारे गृहस्थ तोडा म्हणतायत? म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हो. त्या लेखनिकाला म्हणाल्या, मग सोपंच झालं, लिहा. आणि सही करायच्या आधी, केवळ रीत म्हणून, रजिस्टर उघडलं.

बराच वेळ वाचत राहिल्या. मग विचारलं, नोंदी फार चांगल्या आहेत, कुणी ठेवल्या? म्हटलं, मी. त्यांनी विचारलं, मग सांगा, झाड दोनच्या चौथ्या घरट्यातल्या एकाचा पाय दोऱ्यात अडकला होता असं १९ तारखेला लिहिलंय, त्याचं पुढे काय झालं?

मला १९ तारखेला सर्दी होती.

मागच्या दाराशी कोणीतरी उभं होतं. चिरंजीव. रात्रपाळी करून, न झोपता आलेला. कोपरापर्यंत मैदा. म्हणाला, मॅडम, दोरा सुटला त्याच दिवशी, पंपवाल्या काकांनी शिडी धरली होती. आणि ते तपकिरी म्हणजे यंदाची पिल्लं. रातबगळ्याचं पिल्लू तपकिरीच असतं, काळा-राखाडी रंग यायला दोन-तीन वर्षं जातात. चोच धरतात ती भूक लागली म्हणून, आईबाप तसंच भरवतात. एकेचाळीसातली निम्मी अजून नीट उडत नाहीत. झाड पडलं तर तीही पडतील. मी चार वर्षं रोज पहाटे बघतोय.

दीड मिनिट. मी त्याला सलग इतकं बोलताना प्रथमच ऐकलं. वाक्याचा शेवटचा शब्द तो खाली पडू देत नाही, थोडा वर उचलून ठेवतो. ही लकब कुठेतरी ऐकलेली वाटली. हिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिला कळलं होतं असं दिसलं.

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. काळी शाई. किरटं अक्षर. या अक्षरासाठी मी पाचवीतल्या एका मुलाला शुद्धलेखनाची वही तीनदा फाडून पुन्हा लिहायला लावली होती.

निकाल लेखनिकाने मोठ्याने वाचला. घरट्यात पिल्लं असताना झाड तोडता येत नाही, तिन्ही झाडं राहतील. मोसम संपल्यावर रस्त्यावर आलेल्या फांद्या फक्त छाटाव्यात. लाँड्रीला पंपघरामागची जागा आणि वर पत्र्याचं छप्पर द्यावं. हरकतदाराची मागणी फेटाळण्यात येत आहे.

बाहेर लाँड्रीवाला मला म्हणाला, काका, तुम्ही माझ्या बाजूने बोलायला उठलात तेव्हाच मला धाकधूक वाटली होती. मग चिरंजीवाचा हात धरून छपराची लांबी-रुंदी बोलत उभा राहिला.

२७ सप्टेंबर, शनिवार

हरलो असं म्हणता येणार नाही. मूळ अर्ज झाडं वाचवण्याचा होता, झाडं वाचली. मधल्या काळात भूमिका विकसित झाली होती, इतकंच.

पंपवाल्याला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाला, साहेब, चारदा सांगायला आलो, चारही वेळा तुमचं वाक्य चालू होतं.

शाल कुणाची, तेही विचारलं. म्हणाला, बेकरीतून येताना रोज तोच घालायचा तुमच्या अंगावर. तुम्ही घोरायचात म्हणून पक्षी लांब जायचे, मग तो त्या काठाला जाऊन मोजायचा.

ग्रंथाची प्रस्तावना फाडली. अर्पणपत्रिका दोन्ही ठेवल्या. नाव बदलावं लागेल.

जेवताना ही म्हणाली, त्यांना रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात म्हणे. मी ताट पुढे सरकवलं. ही म्हणाली, काहींच्या आईबापांना तो दिसायला अठ्ठावीस लागतात. आणि भात वाढला.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११

पहाटे तळ्यावर. गारठा म्हणून सुनावणीचा कोट घालून गेलो. जागा राहिलो. (साडेचारपासून. आधीचं नमूद करत नाही.)

पाच वीसला पावलं वाजली. डोळे मिटून घेतले, यावेळी मुद्दाम. शाल अंगावर आली. खांद्यापाशी नीट खोचली गेली. मांडीवरचं रजिस्टर हलकेच उचललं गेलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, बाबा, जागे असाल तर झाड दोनकडे बघा.

बघितलं. एक तपकिरी खालच्या फांदीच्या टोकाशी येऊन उभा होता. मान पुढे, मान मागे, विचार बदलला, पुन्हा पुढे. मग सुटला. अर्धा पाण्याला टेकला, पंख मारत वर उठला, आमच्या डोक्यावरून वेडावाकडा जाऊन झाड एकमध्ये घुसला. तिथल्या म्हाताऱ्या राखाडीने सरकून जागा दिली. चिरंजीवाने लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंस. त्याने दाखवलं. वाचता आलं. अक्षर इतकं वाईट नाही.

आणखी काही बोलावं असं मनात होतं. सुरुवात जमेना.

उजाडल्यावर कळलं, तो डोक्यावरून गेला तेव्हा कोटाच्या खांद्यावर प्रसाद पडला होता. दहाला कोट लाँड्रीत नेला. लाँड्रीवाल्याने तो उजेडात धरला, गंभीर चेहऱ्याने डाग मला दाखवला आणि विचारलं, काका, हा राखाडीचा की तपकिरीचा?

बराच वेळ पाहिलं. सांगता आलं नाही.